झूम एफ ३ : शक्ती-तुऱ्याच्या माहितीपटासाठी दोन वाहिन्यांचा रेकॉर्डर

रत्नागिरी जिल्ह्यातील शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरी पक्षांच्या नाच-गाण्यातल्या सवाल-जवाबांच्या सामन्यांवर मी एक स्वतंत्र माहितीपट करीत आहे. पाठीशी निर्मितीसंस्था नाही, अनुदान नाही, आणि बहुतेक रात्री चित्रीकरणाला मी आणि कॅमेरा सांभाळणारा एक मित्र अशी दोघेच असतो. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही झूम या जपानी कंपनीचा, २०२२ मध्ये बाजारात आलेला एफ ३ हा दोन वाहिन्यांचा, म्हणजे दोन आवाज वेगवेगळे मुद्रित करणारा, छोटा रेकॉर्डर वापरतो. यंत्रांची परीक्षणे बहुधा शहरातल्या शांत खोलीत बसून लिहिलेली असतात आणि त्यांत पावसाळी रात्र, गावचा मांडव, जनरेटर आणि कर्णे यांचा विचार क्वचितच होतो, म्हणून हे परीक्षण त्याच परिस्थितीपुरते लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते : हाताशी दोन बरे माइक असतील आणि आवाजाकडे लक्ष द्यायला वेगळा माणूस नसेल, तर या कामासाठी एवढ्या खर्चात याहून योग्य यंत्र मला माहीत नाही. मात्र ज्या कारणासाठी त्याची जाहिरात होते, म्हणजे पातळी आधी न ठरवताही आवाज फाटत नाही, ते कारण अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून न घेता ते विकत घेतले तर पैसे वाया जातील.

ज्यांनी सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. सामन्यात जो नाच होतो त्या जाखडीच्या पारंपरिक मांडणीत शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला आणि झीलकरी, म्हणजे शाहिरामागून ओळ उचलणारे साथीदार, मध्यभागी बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. शक्तीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. गण आणि गवळण झाली की दोन बाजूंचे शाहीर एकमेकांना पुराणातले आणि व्यवहारातले सवाल घालतात, टोमणे मारतात, आणि समोरच्याने जवाब दिला नाही तर प्रेक्षक तसे बोलून दाखवतात. गौरी-गणपतीत हे घरोघरच्या खळ्यात चालते, आणि उन्हाळ्यात पूजेच्या निमित्ताने वाडीत जंगी सामने भरतात. मुंबईतल्या चाकरमान्यांनी हीच कला शहरातल्या नाट्यगृहांत नेली. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद होईपर्यंत कोकणच्या लोककलांचे ते हक्काचे ठिकाण होते.

या साऱ्या व्यवहाराला मोठ्या संगीत कंपन्यांचा आधार नाही, आणि वर्तमानपत्रांच्या कला-पानावर त्याची दखल क्वचितच घेतली जाते. शाहीर स्वतः पदे रचतात, मंडळे स्वतः खर्च उचलतात, आणि पूर्वी कॅसेटवरून, आता फोनवर घेतलेल्या ध्वनिचित्रफितींवरून ही पदे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत पोहोचतात. त्या फितींत नाच दिसतो, गर्दी दिसते, पण शब्द ऐकू येत नाहीत. सवाल-जवाबांवर उभ्या असलेल्या कलेत शब्दच हरवले तर बाहेरच्या प्रेक्षकाला उरतो तो नुसता रंगीत कपड्यांचा फेर. म्हणून या माहितीपटाच्या खर्चाचा मोठा वाटा चित्रापेक्षा आवाजावर करायचा, असे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते, आणि एफ ३ ची निवड त्या निर्णयातून आली.

आता अडचण कोणती ते पाहू. नेहमीच्या २४-बिट रेकॉर्डरमध्ये माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा, म्हणजे गेन किती ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. गेन जास्त ठेवला आणि आवाज मर्यादेबाहेर गेला तर तरंगाचे माथे कापले जातात, आणि जे कापले गेले ते नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. गेन फार कमी ठेवला तर हळू आवाज यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडतो. म्हणून ध्वनिमुद्रक साधारण १२ ते २० डेसिबलची जागा वर मोकळी ठेवतात आणि कार्यक्रमभर हात गुंडीवर ठेवून बसतात. शक्ती-तुऱ्यात हे अतिशय अवघड आहे. शाहीर सवालाची पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो, झीलकरी ती उचलतात, आणि पुढच्याच क्षणी ढोलकीची थाप, झांज आणि चाळांचा एकत्र आवाज अंगावर येतो. त्यातच नाचे एका ठेक्यावर सगळे मिळून पाय आपटतात.

यात एक कायदेशीर बाबही आहे, जिचा परिणाम थेट आवाजावर होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे आयोजक घाईत असतात, साउंडवाला मिक्सर जोडतो आणि चाचणी न घेताच कार्यक्रम सुरू होतो. कर्णे बंद झाल्यावर मात्र बऱ्याच वाड्यांत लोक लगेच उठत नाहीत. खळ्यात बसून बिनमाइकचे गाणे चालू राहते. एकाच रात्री, त्याच जागेवर, आधी कर्ण्यांचा गदारोळ आणि नंतर उघड्या गळ्याचे गाणे असे दोन टोकांचे आवाज पकडावे लागतात, आणि मधल्या वेळेत यंत्राशी खेळत बसायला उसंत नसते.

एफ ३ वर गेनची गुंडीच नाही. प्रत्येक वाहिनीसाठी आत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे दोन रूपांतरक आहेत, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि दोघांचे मिळून जे बनते ते ३२-बिट फ्लोट या पद्धतीने फाइलमध्ये लिहिले जाते. या पद्धतीत आकड्याचा काही भाग त्याचा घातांक सांगण्यासाठी राखलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या शून्य डेसिबलच्या रेषेवरचे आकडेही फाइलमध्ये शाबूत राहतात. संगणकावर फाइल उघडल्यावर तरंग वरून कापल्यासारखा दिसतो, पण आवाज खाली आणला की त्याचे माथे पूर्ण सापडतात. उलट बाजूने, कुजबुज वाटणारा आवाज वर उचलला तरी तो स्वच्छ राहतो. कागदावर या पद्धतीची व्याप्ती दीड हजार डेसिबलच्या पुढे जाते. प्रत्यक्षात मर्यादा आतल्या विद्युतमंडलाची असते, पण तीसुद्धा आमच्या गरजेपेक्षा मोठी आहे.

कर्णे चालू असतानाचा जवाब आणि कर्णे बंद झाल्यानंतरची गवळण मी एकाच सलग मुद्रणात, यंत्राला हात न लावता घेतली आहे. संकलनाच्या टेबलावर दोन्ही भाग एकमेकांशेजारी ठेवून ऐकले तेव्हा दुसऱ्या भागात मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने हळू आवाजात दिलेली दादही स्पष्ट होती. गुंडीवर हात ठेवून बसायचे नसल्यामुळे मी त्या वेळी प्रेक्षकांकडे पाहू शकले, आणि कोण कोणाच्या सवालावर हसले, कोण उठून गेले, याची नोंद ठेवू शकले. दोघांच्या पथकात मोकळे झालेले ते लक्ष चित्रपटाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

तरीही जाहिरातीत न सांगितले जाणारे अर्धे सत्य इथे आहे. यंत्र फक्त स्वतःची मर्यादा वाढवते. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बिघडला असेल तर ते काहीही करू शकत नाही. साउंडवाल्याने मिक्सरवरचा शाहिराचा माइक इतका चढवला असेल की मिक्सरच फाटत असेल, तर एफ ३ तो फाटलेला आवाज अत्यंत निष्ठेने लिहून घेतो. स्वस्त कंडेन्सर माइक (विजेवर चालणारा नाजूक, संवेदनशील माइक) ढोलकीच्या अगदी जवळ ठेवला आणि त्या माइकचीच सहनशक्ती संपली, तर तेही तसेच. आणि स्वतः एफ ३ च्या प्रवेशालाही सीमा आहे : माइकच्या पातळीवर कमाल +४ डीबीयू (विद्युत संकेताची पातळी मोजण्याचे एकक) आणि लाइन पातळीवर, म्हणजे मिक्सरसारख्या यंत्रातून येणाऱ्या जोरकस संकेतासाठी, +२४ डीबीयू. मिक्सरमधून येणारी तार माइकच्या सेटिंगवर ठेवली तर फ्लोट असूनही आवाज फाटू शकतो, कारण आकड्यांत रूपांतर होण्यापूर्वीच तो सीमेबाहेर गेलेला असतो. त्यामुळे प्रत्येक जागी सुरुवातीला दोनच गोष्टी तपासायच्या : कोणती वाहिनी माइक आहे आणि कोणती लाइन, आणि हेडफोनमध्ये आवाज मुळातच स्वच्छ येतो आहे की नाही. हेडफोन कानाला न लावता या यंत्रावर विसंबणे चुकीचे आहे, मग त्याच्यावर गेनची गुंडी असो वा नसो.

दोनच वाहिन्या ही या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा, आणि माझ्या मते आमच्या कामात तीच सर्वांत उपयोगी शिस्त ठरली. सामन्यात ऐकण्यासारख्या गोष्टी दोनापेक्षा कितीतरी जास्त असतात : दोन शाहीर, दोन ढोलक्या, झीलकरी, चाळ, प्रेक्षक. दोनच तारा असल्या की या रात्री आपण नेमके काय ऐकायला आलो आहोत, हे आधी ठरवावे लागते. सवाल-जवाबांच्या रात्री मी एक वाहिनी मिक्सरला देते, म्हणजे शाहिरांचे शब्द खात्रीने मिळतात, आणि दुसरीवर फेराच्या आत बसलेल्या मंडळींजवळ आखूड स्टँडवर एक माइक ठेवते. फेर फिरत राहतो, पण त्याचा मध्य हलत नाही, त्यामुळे तिथला माइक कोणाच्या पायात येत नाही, आणि चाळांचा आवाज चारही बाजूंनी सारखा मिळतो. रंगमंचावर वादक मागे किंवा बाजूला बसतात, तेव्हा हीच जागा बदलून मंचाच्या पुढच्या कडेला न्यावी लागते. खळ्यातल्या बिनमाइकच्या गाण्याला मात्र दोन्ही वाहिन्यांवर दोन सारखे माइक लावून स्टिरिओ घेणे मला योग्य वाटते, कारण तिथे शब्दांइतकेच महत्त्व त्या जागेला असते : कौलांवर पडणारा पाऊस, आतल्या खोलीतली आरतीची घंटा, ओटीवर बसलेल्या बायकांचे बोलणे.

मिक्सरशी जोडणी हा भाग तपशिलाने सांगण्यासारखा आहे, कारण खेड्यात खरा प्रश्न तिथेच येतो. एफ ३ च्या दोन्ही प्रवेशजागा फक्त एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या गोल जोडणीच्या, आहेत. त्यांना कडी आहे, त्यामुळे गर्दीत कोणाचा पाय लागला तरी तार निसटत नाही. पण साउंडवाल्याच्या मिक्सरमधून बाहेर येणारी जागा अनेकदा ६.३५ मिलिमीटरच्या जॅकची किंवा लाल-पांढऱ्या आरसीएची असते. योग्य तार स्वतःच्या पिशवीत असलीच पाहिजे. कार्यक्रमाच्या जागी ती मिळेल असे धरून चालू नये. मिक्सरला जोडलेल्या वाहिनीवर फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला तारेतूनच दिली जाणारी वीज, बंद ठेवावी. दोन्ही वाहिन्यांची फँटम वेगवेगळी चालू-बंद करता येते आणि २४ किंवा ४८ व्होल्ट निवडता येतात, ही चांगली सोय आहे. रेकॉर्डर मिक्सरच्याच बोर्डावरून चार्जरने चालवला तर जनरेटरच्या विजेचा घुमघुमाट तारेतून आत येण्याची शक्यता असते, म्हणून त्या वेळी यंत्र सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालवणे चांगले.

आणि साउंडवाल्याशी बोलणे, हे कोणत्याही माहितीपत्रकात नसलेले काम आहे. आपला मिक्सर दुसऱ्या कोणी हाताळू नये असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, कारण कार्यक्रम बिघडला तर बोल त्यालाच लागतो. कार्यक्रमाच्या खूप आधी जाऊन, चहा होईपर्यंत थांबून, आपल्याला फक्त एक तार बाहेर काढायची आहे आणि त्यामुळे त्याच्या आवाजात काही फरक पडणार नाही, हे दाखवून दिले की बहुतेक जण आपणहून मदत करतात. एफ ३ चा आकार इथे कामी येतो. सेलसह त्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आत आहे आणि तो तळहातावर मावतो. मिक्सरशेजारी ठेवला तरी कोणाला अडचण होत नाही.

यंत्रात स्वतःचा माइक नाही, आणि ही बाब खरेदीपूर्वी ध्यानात घ्यायला हवी. माइकांचा खर्च वेगळा धरावा लागतो, आणि कोकणात माइक निवडताना हवेतल्या दमटपणाचा विचार करावा लागतो. साध्या कंडेन्सर माइकमध्ये ओलावा शिरला की चुरचुर आवाज येऊ लागतो. भाद्रपदातल्या रात्री, समुद्रापासून जवळच्या गावांत, हा धोका खरा आहे. सेनहायझरच्या एमकेएच ४१६ सारखे माइक वेगळ्या तत्त्वावर चालतात आणि दमट हवेला चांगले तोंड देतात, पण त्यांची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून मांडवात मी शूरच्या एसएम ५७ सारखे डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारे दणकट, माइक वापरते : त्यांना फँटम लागत नाही, ढोलकीची थाप ते सहज सोसतात, आणि ओलाव्याची त्यांना फारशी पर्वा नसते. डायनॅमिक माइकचा आवाज मुळात हळू येतो, त्यामुळे रेकॉर्डरची स्वतःची खरखर कमी असणे आवश्यक असते. एफ ३ ची ती −१२७ डीबीयू इतकी कमी आहे, आणि प्रत्यक्षातही खोलीतल्या संथ बोलण्यात ती मला ऐकू आलेली नाही. घरातल्या मुलाखतींना कंडेन्सर माइक काढते आणि काम झाले की तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवते.

रेकॉर्डरवर पाऊस किंवा धूळ यांपासून संरक्षण नाही, ते आपणच करायचे. मेणकापडाची लहान पिशवी, तारांसाठी खालून मोकळी, एवढ्याने भागते. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी माइकवर केसाळ आवरण घ्यावे. साधा फोम उघड्या खळ्यात पुरत नाही.

वीज आणि साठवण यांबद्दल थोडक्यात सांगते. यंत्र दोन एए सेलवर किंवा यूएसबी-सीवरून चालते. फँटम चालू असली की सेल लवकर उतरतात, त्यामुळे कंडेन्सर लावलेल्या लांब मुद्रणाला पॉवर बँक जोडावी आणि आत सेलही ठेवावेत. मायक्रोएसडी कार्ड १ टीबीपर्यंत चालते. ४८ किलोहर्ट्झवर दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला सुमारे १.४ जीबी जागा घेते, म्हणजे २४-बिटच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याने अधिक. ६४ जीबीच्या कार्डात गणपतीचे सारे दिवस मावतील, तरी रोज रात्री नक्कल काढणे सोडू नये. नमुना-दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, १९२ किलोहर्ट्झपर्यंत नेता येतो, पण चित्रपटासाठी ४८ पुरेसा आहे.

चित्राशी आवाज जुळवण्याच्या बाबतीत हे यंत्र साधे आहे. टाइमकोडसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला दोन्हींवर उमटवायच्या वेळेच्या खुणेसाठी, वेगळी जागा नाही. वेगळा विकत घ्यावा लागणारा ब्लूटूथ अडॅप्टर लावला तर फोनवरून नियंत्रण करता येते आणि त्या अडॅप्टरशी जुळणाऱ्या उपकरणातून बिनतारी टाइमकोडही मिळतो. हा खर्च आम्ही केला नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर खूणेपुरता आवाज घ्यायचा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, आणि नंतर डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत तरंगांवरून दोन्ही जुळवायचे, एवढे पुरते. ढोलकीची थाप इतकी टोकदार असते की जुळणी सहसा अचूक बसते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे मात्र अगदी सारखी चालत नाहीत, म्हणून दीड-दोन तासांच्या सलग सामन्यात शेवटी ओठ आणि शब्द यांत फरक पडू लागतो. मध्ये गण, गवळण, सवाल अशा टप्प्यांवर कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला की प्रत्येक तुकडा वेगळा जुळवता येतो. फोनवर घेतलेल्या चित्राच्या बाबतीत हा त्रास जास्त असतो, कारण अनेक फोन सेकंदाला सारख्याच चौकटी घेत नाहीत.

संकलनात ३२-बिट फ्लोटच्या फाइली रिझॉल्व्ह, रीपर आणि ऑडॅसिटी या तिन्हींत व्यवस्थित उघडतात. पहिले काम म्हणजे आवाजाची पातळी खाली आणणे, आणि त्यानंतरच २४-बिटची प्रत काढणे. हा क्रम उलटा झाला तर शून्याच्या वरचे सारे माथे त्या प्रतीत कापले जातील आणि या यंत्राचा फायदाच उरणार नाही. पावसाचा आवाज काढून टाकण्याची अपेक्षा या यंत्राकडून ठेवू नये. बोलणे वेगळे काढणारी सोय रिझॉल्व्हच्या पैसे मोजून मिळणाऱ्या आवृत्तीत आहे, मोफत आवृत्तीत नाही, आणि पत्र्यावर पडणाऱ्या जोरदार पावसापुढे तीही शब्दांचा पोत बिघडवते. मुलाखतीला पत्र्याच्या पडवीपेक्षा मातीच्या भिंतींची मधली खोली निवडणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनालाही, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यालाही, मी हेच यंत्र नेले, कारण माहितीपटातला एक भाग दोन्ही परंपरांच्या तुलनेचा आहे. तिथे बुवा पेटीवर स्थिर बसलेले असतात, पखवाज आणि झांज शेजारी असतात, आणि समोरचा बुवा आपली बारी येईपर्यंत थांबतो. हे काम एफ ३ ला सोपे गेले. दोन वाहिन्या अपुऱ्या वाटल्या त्या पखवाजाच्या बाबतीत : मिक्सरमधून तो नीट येत नाही आणि त्याच्यासाठी वेगळा माइक ठेवला तर कोरस आणि प्रेक्षक सुटतात. डबलबारीवर पूर्ण लांबीचा चित्रपट करणाऱ्याने चार किंवा अधिक वाहिन्यांचे यंत्र घ्यावे, असे मला वाटते.

पर्यायांचा विचार त्याच दिशेने करावा. झूमचाच एफ ६ हा २०१९ चा सहा वाहिन्यांचा रेकॉर्डर टाइमकोडसह येतो आणि त्यातही ३२-बिट फ्लोट आहे, पण किंमत आणि आकार दोन्ही मोठे आहेत, आणि दोघांच्या पथकात सहा माइक सांभाळायला हात कुठून आणायचे हा प्रश्न राहतो. ज्यांच्याकडे एकही माइक नाही, त्यांनी २०२४ मध्ये आलेला एच ४ इसेन्शियल पाहावा : त्यात माइक जोडलेलेच आहेत, शिवाय दोन बाहेरचे माइक लावता येतात, आणि फ्लोटची सोय आहे. महाविद्यालयातल्या एखाद्या गटाला पहिला माहितीपट करायचा असेल तर मी त्यांना तोच सुचवेन. एफ ३ त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे माइक आहेत किंवा भाड्याने मिळतात, ज्यांना कडीची एक्सएलआर हवी आहे, आणि ज्यांना यंत्र कुठेतरी ठेवून माणसांकडे पाहायचे आहे. किंमत दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलते, म्हणून इथे आकडा देत नाही. खरेदीपूर्वी अधिकृत विक्रेत्याची हमी आहे ना, एवढे पाहावे. एकाच रात्रीपुरते काम असेल तर भाड्याने घेणे बरे, पण शक्ती-तुऱ्याचा हंगाम गणपती, शिमगा आणि उन्हाळा असा वर्षभर पसरलेला असतो, आणि सामना ठरल्याची बातमी अनेकदा दोन दिवस आधी कळते. अशा वेळी स्वतःचे यंत्र घरात असण्याला महत्त्व आहे.

स्वच्छ ध्वनिमुद्रणाबरोबर एक जबाबदारीही येते. पदे शाहिरांची असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवर रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि सादर करणाऱ्यांनाही सादरीकरणाचे स्वतंत्र हक्क आहेत. आजवर फोनवरच्या अस्पष्ट फितींमुळे हा प्रश्न कोणी गंभीरपणे घेतला नसेल, पण प्रत्येक शब्द ऐकू येणारे मुद्रण हे प्रसिद्ध करण्याजोगे मुद्रण असते. म्हणून मी चित्रीकरणापूर्वी दोन्ही बाजूंच्या शाहिरांची आणि मंडळांच्या प्रमुखांची लेखी संमती घेते, त्यात माहितीपटाखेरीज कुठेही पदे वापरली जाणार नाहीत असे लिहिते, आणि मूळ मुद्रणाची प्रत दोन्ही मंडळांना देते.

ही प्रत देताना मूळ फाइल जशीच्या तशी देऊ नये, कारण ३२-बिट फ्लोटची फाइल अनेक फोनवर वाजत नाही, आणि वाजली तरी आवाज एकदम हळू किंवा फाटलेला येऊ शकतो. आधी पातळी नीट करून १६-बिटची वेव्ह फाइल आणि तिच्यावरून एमपी ३ अशा दोन प्रती काढाव्यात, फाइलच्या नावात गाव, तारीख आणि दोन्ही शाहिरांची नावे लिहावीत, आणि मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर न बदलता ठेवाव्यात. शाहिरांपैकी अनेक जण त्या प्रतीवरून पुढच्या सामन्याची तयारी करतात आणि समोरच्याने घातलेला सवाल शब्दशः उतरवून घेतात. त्यासाठी त्यांना एमपी ३ फोनवर, आणि तीही सामन्यानंतर शक्य तितक्या लवकर, हवी असते.